रानमांजराच्या मापाची नळी

जे काडतूस जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही, त्याच्या मापाची नळी मी माझ्या रायफलला करून घेतली. पूर्ण शुद्धीत, इंजिनिअरिंगची पदवी खिशात असताना.

अशा काडतुसाला नेमबाज लोक 'वाइल्डकॅट' म्हणतात. दुकानातलं साधं काडतूस घ्यायचं, त्याच्या पितळी पुंगळीची मान आवळायची, मानेखालच्या खांद्याचा उतार बदलायचा, आणि कुठल्याच कारखान्यानं न काढलेलं आपलं स्वतःचं माप काढायचं. बायकोला हे समजावलं तर म्हणाली, "घरात साधं मांजर पाळू देत नाहीस, आणि आता रानमांजर आणतोयस?"

कल्पना माझी नव्हती. इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला, आमच्या ऑफिसात एक नागपूरकर आहे. नेमबाजीच्या क्लबात मला त्यानंच ओढलं. दोघांकडे सारखीच रायफल, एका वेळी एकच गोळी घेणारी. एकदा तो म्हणाला, "पुणेकर, दुकानातलं काडतूस तर कोणीही उडवते बे. आपण आपलं बनवू. दोघांचं एकच माप."

मी लगेच विरघळलो. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती खोबण, कापायचं रीमर दोघांत एक, पुंगळ्या घडवायचे साचे दोघांत एक. शिवाय पुंगळी घडवायला माणसं दोन असली तर बरं, एकानं दाबायची, दुसऱ्यानं मोजायची. माझ्या घरामागच्या शेडमध्ये, रविवारी दुपारी, हीटर लावून, चहाचा थर्मास मध्ये ठेवून. खरं सांगायचं तर मला त्या नळीपेक्षा ते रविवारच जास्त दिसायला लागले. इथे आधी तारीख ठरवल्याशिवाय कोणी कोणाकडे चहालाही जात नाही. दर रविवारी हक्कानं दार वाजवणारा माणूस म्हणजे चैनच.

दोघं मिळून बंदुका घडवणाऱ्या गनस्मिथकडे गेलो. खांद्याचा उतार तेवढा नंतर कळवतो, असं सांगून आलो. मग महिनाभर कॅन्टीनमध्ये, ब्रेडवरचं चीज वाळेपर्यंत, वाद. तो तीस अंश म्हणायचा, मी चाळीस.

"चाळीस? खांदा आहे का शनिवारवाड्याची भिंत?"

"आणि तुझे तीस म्हणजे सीताबर्डीची घसरगुंडी!"

शेवटी त्यानं मोठा उसासा टाकून हार मानली. "घे बे, तुझे चाळीस." त्या दिवशी मी समोरच्या वाऱ्यातसुद्धा शीळ घालत सायकल हाणली.

नळी तयार झाली. गनस्मिथ म्हणजे पाल्हाळ न लावणारा डच म्हातारा. नळी हातात घेऊन मी डोळे भरून पाहिली आणि विचारलं, "माझ्या मित्राची कधी होणार?"

"ती त्यानं केव्हाच नेली."

"याच मापाची ना?"

"नाही. साध्या काडतुसाची. तुम्ही दोघं येऊन गेलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला होता."

दुसऱ्याच दिवशी! म्हणजे महिनाभराचं ते भांडण, तो शनिवारवाडा, तो उसासा, सगळं त्यानंतरचं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघालो होतो दोघं. हा मला घंटा देऊन, वर ती कशी वाजवायची यावर महिनाभर हुज्जत घालून, स्वतः केव्हाच घरी परतला होता. आणि चेंबर एकदा कापलं की पुन्हा लहान होत नाही.

पुढच्या शनिवारी तो क्लबात दिसला. शेजारी दुकानातली काडतुसांची भरलेली पेटी, समोरच्या कागदावर सगळी भोकं रुपयाएवढ्या जागेत. माझ्या डब्यात एकट्यानं घडवलेल्या तीन पुंगळ्या. एक मानेत तडकलेली.

"मला सांगितलं का नाहीस?"

त्यानं एकदा माझ्या डब्याकडे पाहिलं. "पोरीचं पोहणं रविवारीच असते बे. तुझ्या शेडमध्ये दर रविवारी कुठून येऊ?"

"मग त्या खांद्यावरून महिनाभर भांडलास कशाला?"

पेटीतलं पुढचं काडतूस उचलत तो म्हणाला, "मला नेम मारायचा होता, तुला बोलायचं होतं. तुझं तर झालं ना बोलून?"