शारदाताईंनी राखलेली रिकामी जागा

शारदाताई मासाळ यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती पोत्यांवरून. जालन्यातल्या आमच्या बियाणे उत्पादक संघात तेव्हा एकाच खोलीत एसी होता, तो म्हणजे संगणकाच्या खोलीत. बीजपरीक्षण प्रयोगशाळा माझ्याकडे. बियाण्याला गारवा लागतो, म्हणून सोयाबीन आणि कपाशीच्या नमुन्यांची पोती आम्ही वर्षानुवर्षं बिनदिक्कत त्याच खोलीत ठेवत आलो होतो. ताई संगणक विभागाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या आणि पहिल्याच दिवशी ती सगळी पोती आमच्या दारासमोर नीट रचलेली दिसली. मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या कपाशीचा फुफाटा माझ्या मशीनच्या पंख्यात जाऊन राह्यला. मशीन बी मरंल आन् बियाणं बी." मी तणतणतच परतलो. पण पुढच्याच बैठकीत प्रयोगशाळेला स्वतंत्र एसी हवा, हा विषय मांडला तो ताईंनी. तो मंजूर होईपर्यंत त्यांनी अध्यक्षांना चहासुद्धा सुखानं पिऊ दिला नाही.

ताई मूळच्या तीर्थपुरीकडच्या, मेंढपाळांच्या घरातल्या. त्यांच्या वडिलांना सगळे बापू म्हणत. वर्षातला बराच काळ बापू मेंढरांमागे फिरतीवर असत, पण लेकीची शाळा त्यांनी चुकू दिली नाही. ताई शिकून अभियंता झाल्या, पुण्यात नोकरी केली आणि आपणहून जालन्याला परतल्या. का परतलात, असं विचारलं की "तिकडं जेवणात तिखट न्हवतं" एवढंच उत्तर मिळतं. खरं कारण मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी आता विचारणंही सोडलं आहे.

त्यांच्या कामाविषयी लिहायचं तर ते एका यंत्राच्या खरेदीविषयीच लिहावं लागेल. आमच्या संघाचं बियाणं शहागड, घनसावंगी, तीर्थपुरी अशा गावांतल्या शेतांवर तयार होतं. ते वाळतं, निवडलं जातं, इतर लॉटमध्ये, म्हणजे इतर शेतांच्या मालात, मिसळतं, पिशव्यांत भरून दुकानांत जातं आणि दुकानातून पुन्हा शेतात. कोणत्या शेतातला दाणा कोणत्या पिशवीत गेला, हे सांगता येणं ही आमची अब्रू. एखादा लॉट उगवणीला कमी पडला, तर त्याची प्रत्येक पिशवी पेरणीआधी थांबवली पाहिजे. पेरणी होऊन गेल्यावर चूक कळली, तर शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो आणि तो कुठल्याही माफीनं परत येत नाही. जुन्या संगणकाला हा माग विचारला की तो डिस्क चाळत बसायचा. सकाळी प्रश्न टाकावा आणि जेवण उरकून उत्तर बघायला यावं, अशी आमची रीत पडली होती.

ताईंनी ठरवलं की ही सगळी माहिती डिस्कवरून शोधायची नाही, ती थेट मेमरीतच ठेवायची, म्हणजे उत्तर विचारता क्षणी मिळेल. कल्पना सर्वांना पटली. अडलं ते सर्व्हर कोणता घ्यायचा यावर. विक्रेत्यांचे प्रतिनिधी येऊ लागले. त्यातल्या एकानं आणलेल्या यंत्राची माहिती ऐकून आमचे अध्यक्ष आप्पा भारावून गेले. कागदावर ते यंत्र म्हणजे ऐरावतच होतं. प्रोसेसरचे गाभे, म्हणजे कोअर, ढीगभर आणि मेमरी आमची माहिती बरोबर मावेल एवढी. ताईंनी मान हलवली. आमच्या कामाला गाभ्यांचा ढीग नको, थोडेच पण चपळ हवेत, असं त्या म्हणाल्या. मेमरी मात्र त्यांना जवळजवळ दुप्पट हवी होती, तीही स्वतःतली चूक स्वतः ओळखणारी. शिवाय एक मोठं यंत्र घेण्याऐवजी बेताची दोन घ्यायची, आणि दोन्हींत सगळी माहिती पूर्ण ठेवायची.

प्रतिनिधी हसून म्हणाला, "मॅडम, निम्मी मेमरी रिकामी ठेवायची म्हणजे वायाच की."

तेव्हा ताईंनी जे सांगितलं ते आमच्या संघात म्हणीसारखं रुळलं आहे. "आमचे बापू मेंढरांचा वाडा घालायचे ना, तवा मेंढरं किती हायेत हे नुसतं बघत न्हवते. गाभण किती हायेत ते बघायचे. रातीतून कोकरं झाली तर ती कुठं ठेवायची? मेमरीतल्या माहितीची डिस्कवर नक्कल उतरत असती, तवा काम थांबत न्हाई. नवं बदलत राह्यतं, नक्कल उतरंस्तवर जुनं बी धरून ठेवावं लागतं. तवा तिला कोकरं होत्यात. बराबर मावंल एवढीच जागा घेतली तर ऐन हंगामात मशीन बसंल."

आप्पा म्हणाले, "आन् दोन कशाला, ताई? खर्चा वाढून राह्यला."

"मेमरी म्हणजे वीज हाय तवर हाय, आप्पा. मशीन बंद पडली की पाटी कोरी. डिस्कवरून पुन्हा भरायला येळ लागतो. त्या येळात शेतकऱ्यानं थांबावं का?"

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बैल घेताना कोणी नुसते दात बघत नाही, औताला धरून बघतो. तसं प्रत्येक यंत्र इथं आणा, त्यात आमची पूर्ण माहिती भरा आणि मी चालू यंत्राची वायर उपटून बघणार, अशी त्यांनी अट घातली. यंत्र किती वेळात पुन्हा उभं राहतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. विक्रेते हबकले. काही परत आलेच नाहीत. खरेदी लांबली, तो हंगाम जुन्या संगणकावरच काढावा लागला आणि ताईंच्या हट्टाला नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो. शेवटी आप्पांनी विचारलं, एवढं करून यंत्र फसलं तर? ताई म्हणाल्या, "मंग लोकांसमोर मी उभी राह्यन. तुम्ही न्हाई." आप्पांनी होकार दिला आणि दोन यंत्रं आली. त्यांना मनातून पूर्ण पटलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ते पटलं एका जूनमध्ये. उन्हाळा कडक गेला होता, म्हणून मी राखीव नमुन्यांची उगवण चाचणी पुन्हा घेतली. सोयाबीनच्या एका लॉटचं निम्मं बियाणं चाचणीच्या वाळूत न उगवता तसंच पडून राहिलं. गोदामात कुठंतरी ओल लागली असणार. तो लॉट केव्हाच दुकानांत पोहोचला होता, आणि इतर लॉटमध्ये मिसळलाही होता. गावोगाव पेरणीची घाई सुरू होती. मी धावत ताईंकडे गेलो. त्यांनी लॉटचा क्रमांक घातला आणि मी खुर्चीत बसण्याआधी सगळा माग पडद्यावर उभा राहिला. दुकानदारांना निरोप जाऊ लागले. ज्या पिशव्या विकल्या गेल्या होत्या, त्यांच्या शेतकऱ्यांना फोन लावायला सगळं कार्यालय बसलं.

तीर्थपुरीचे आसाराम तात्या हे त्यांतले एक. फोन मी केला होता. ते म्हणाले, "अहो, पेरणीयंत्रात ओतूनच राह्यलो होतो. पिशवी फोडेल हाय."

"तात्या, बिलकुल पेरू नका. तसंच काढून ठेवा. दुसरं बियाणं जल्दी पाठवतो."

"बरं झालं सांगितलं. दोन तास उशीर झाला असता तर रान पेरून मोकळा झालो असतो."

संध्याकाळपर्यंत बहुतेक पिशव्या थांबल्या. थोड्या पेरल्या गेल्याच होत्या. तिथं आमची माणसं नवं बियाणं घेऊन गेली. मी ताईंचे आभार मानायला त्यांच्या खोलीत गेलो, तर दोनांपैकी एका यंत्राचे दिवे विझलेले. ताई त्याच्यापुढे मांडी घालून बसल्या होत्या. मी विचारलं, हे कधी झालं? "सकाळीच. तुम्ही येऊन गेल्ते ना, त्याच्यानंतर घडीभरानं. मेमरीची एक पट्टी गेली. यानं चूक ओळखली आन् थांबलं. सगळा बोजा दुसऱ्यानं वढला." मग मला कळवलं का नाही? "तुम्ही फोन करून राह्यले होते. तुम्हाला कशाला घोर?" आप्पा माझ्या मागेच उभे होते. त्यानंतर रिकाम्या मेमरीला वाया म्हणणाऱ्याची त्यांच्यासमोर खैर नसे.

जागा राखण्याची ही सवय ताईंनी माणसांच्या बाबतीतही लावली. ऐन हंगामात त्यांच्या विभागातला एक माणूस नेमून दिलेल्या कामाविना असे. कार्यालयात यावरून टोमणे चालत. माझ्या आईला अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा मी चाचण्यांच्या नोंदी अर्धवट टाकून निघालो. परत आलो तर नोंदी अद्ययावत होत्या. तो मोकळा माणूस रोज येऊन माझं काम करून जात होता. असा आधार संघातल्या कितीतरी घरांना मिळाला आहे. स्वतः ताईंनी मात्र त्या मोकळ्या माणसावर काम सोपवून कधी रजा घेतल्याचं मला आठवत नाही. तापानं फणफणलेल्या असतानाही त्या यायच्या, आणि घरी जा म्हणणाऱ्यावर खेकसायच्या. त्यांच्यावर माझा राग आहे तो एवढाच.

आता त्या साठीच्या झाल्या, निवृत्त झाल्या. त्यांच्यासाठी संघ गौरवग्रंथ काढतोय आणि त्यात मी हा लेख लिहितोय, हे सांगायला परवा मी तीर्थपुरीला गेलो होतो. ताई अंगणात बापूंच्या जुन्या बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. गौरवग्रंथाचं नाव काढताच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"लई लिहू नका, सर. थोडी जागा सोडा."

"कशासाठी?"

"अजून जगायचंय की मला."

ताई, तुमचा शब्द मोडण्याची माझी प्राज्ञा नाही. लेख इथंच थांबवतो आहे आणि जागा सोडली आहे. तुम्ही आजवर आम्हा सगळ्यांसाठी राखलीत, तेवढी ऐसपैस मोकळीक पुढची कैक वर्षं निरोगी देहानं आणि आनंदी मनानं तुम्हाला स्वतःला मिळो.