परत न आलेला टॉवेल

माझ्या नवऱ्याच्या आत्यांकडून नवउद्योजकांनी काय शिकावं, यावर हल्ली सोलापुरात बरेच लोक बोलतात. एका कॉलेजात तर मोठा फलक लावून भाषण झालं. शून्यातून विश्व, जिद्द, चिकाटी, संकटात संधी, असं सगळं वक्त्यांनी आत्यांच्या नावावर खपवलं. आत्या पहिल्या रांगेत बसून शेजारच्या बाईंच्या साडीचा पोत बोटांनी चाचपत होत्या. या वक्त्यांनी आत्यांबरोबर एक दुपारही काढलेली नाही. मी त्यांच्याच गल्लीत एक अख्खा उन्हाळा काढला आहे, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

मुळात आत्यांनी सुरुवात शून्यातून केली नाही, भांडणातून केली. आपल्याकडे लग्नात पाहुण्याचं नाव माइकवर पुकारून त्याला टॉवेल-टोपी देतात. हा टॉवेल अंग पुसण्यासाठी नसतो. तो घरी नेऊन माळ्यावर टाकायचा आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर घालायचा, एवढ्यासाठीच तो जन्माला येतो. कुणाच्याशा लग्नात आत्यांच्या यजमानांना असा एक टॉवेल मिळाला. आत्यांनी तो भर मांडवात उजेडासमोर धरला आणि पलीकडचा नवरदेव दिसतो का, ते मोठ्याने तपासलं. "दिसतोय की! मिशीसकट दिसतोय!" त्या घराशी आमचं अजून बोलणं नाही.

दुसरी कुणी बाई एवढ्यावर शांत झाली असती. आत्यांनी त्यातून धंदा काढला. लग्नघराला टॉवेल-टोपी विकायची, आणि लग्न लागलं की मंगल कार्यालयाबाहेर, लग्नघरच्यांच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने रिक्षा थांब्यावर उभं राहून पाहुण्यांकडून तीच परत घ्यायची. बदल्यात स्टीलची वाटी. पाहुणे खूश, कारण वाटीत निदान आमटी तरी खाता येते. रात्रीतून इस्त्री होऊन टॉवेल दुसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाला हजर. काही टॉवेलांनी एका लगीनसराईत भटजींपेक्षा जास्त लग्नं बघितली. कॉलेजातले लोक याला आता चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. तेव्हा आमच्या सासरी याला 'घराण्याची लाज काढली' असं म्हणायचे.

मग काही पाहुणे वाटीला बधेनासे झाले. वाटी राहू दे, टॉवेल नेतो घरी, म्हणायला लागले. धंदा बुडायचीच लक्षणं ती. आत्या मात्र लोक कुठला टॉवेल सोडत नाहीत ते बघत राहिल्या. तो जाड असायचा, चॉकलेटी रंगाचा, रुंद काठाचा, मळ न दाखवणारा. त्यांनी शहरातल्या एका तेलुगू विणकर कुटुंबाला गाठून फक्त तसलेच विणून घ्यायला सुरुवात केली. लोक त्याने खरोखर अंग पुसायला लागले आणि पुढे दुकानात जाऊन मागायला लागले. आज आत्यांचा माल माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत जातो. जो टॉवेल परत आला नाही तो चांगला, एवढंच त्यांचं संशोधन, आणि वाट्या घेऊन ते अजून चालू आहे. ऐकायला सोपं आहे, पण त्यासाठी मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी रस्त्यावर उभं राहावं लागतं, आणि ही अट भाषणात कुणी सांगत नाही.

आता आमच्या घरच्या संस्थापकाकडे वळते. माझा नवरा पुण्यात बऱ्या नोकरीत होता. तिथे एका शनिवार-रविवारच्या कोर्सला जाऊन आला आणि त्याला कल्पना सुचली. टॉवेल-टोपी बंद. मानपान मोबाईलवर. यजमानाने ॲपमधून भेट पाठवायची, पाहुण्याच्या फोनवर ती वाजतगाजत उगवणार. ॲपच्या आधी ॲपचं बोधचिन्ह तयार झालं आणि बोधचिन्हाच्या आधी टी-शर्ट. मग त्याने नोकरी सोडली आणि आम्ही सोलापूरला सासू-सासऱ्यांकडे आलो, कारण मार्केट म्हणे इथेच होतं. मी पुण्यात शाळेत मराठी शिकवते. बिनपगारी रजा घेऊन मीही आले. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी वर्गात दिसला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. ही कायमची जागा मिळवायला माझी उमेदीची वर्षं गेली होती. म्हणजे जूनच्या आत ते ॲप नीट चालायला हवं होतं किंवा नीट पडायला हवं होतं.

ते ना चालत होतं ना पडत होतं. रोज संध्याकाळी संस्थापक घामेजून यायचे आणि सांगायचे, "सगळे एकदम पॉझिटिव्ह आहेत."

"म्हणाले काय?"

"बघू की, म्हणाले."

मी इथली नाही, तरी मला अर्थ कळत होता. सोलापुरात 'बघू की' म्हणजे 'नको', फक्त चहा पाजून सांगितलेलं. माझा नवरा तर याच मातीतला. लहानपणी सायकल मागितली तेव्हा सासऱ्यांनी त्याला हेच उत्तर दिलं होतं आणि ती सायकल अजून आलेली नाही. पण कोर्समध्ये शिकवलं होतं की, माणूस स्पष्ट नाही म्हणेपर्यंत त्याला ग्राहकच समजायचं. त्या न्यायाने अर्धं सोलापूर त्याचं ग्राहक झालं होतं.

मे संपत आला तेव्हा मीच आत्यांकडे गेले. म्हटलं, याला एक दिवस तुमच्याबरोबर न्या.

टेंभुर्णीला हायवेलगतच्या एका कार्यालयाबाहेर आत्यांनी त्याला लिंबाखाली उभं केलं. टी-शर्ट आधीच बदलायला लावला होता. मी वाट्यांच्या खोक्यावर बसले होते, तमाशा चुकवायचा नव्हता.

"हे बग," आत्या म्हणाल्या, "आवडलं का म्हनून लोकास्नी इचारायचं न्हाय. आवडायला काय जातंय? बेकू का ब्याड, एवढंच इचार." आत्या तापल्या की माहेरच्या कानडीवर येतात. हवं की नको, एवढाच त्याचा अर्थ.

"आणि बघू की म्हणाले तर?"

"बघू न्हाय, आत्ता सांगा म्हनायचं. आन् नको म्हनला की राम राम करून म्होरल्याकडं जायाचं. दुसऱ्यांदा इचारायचं न्हाय. दुसऱ्यांदा इचारलं की मानूस भिडंखातर व्हय म्हनतो. तसलं व्हय घेऊन आपुन काय करायचं?"

मग माझा नवरा विचारत गेला आणि टेंभुर्णी नको म्हणत गेली. फेटा बांधलेले एक काका मात्र खांद्यावरचा नवा टॉवेल सावरत सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मोबाईलवर आलं तर माजं नाव माइकवर कोन पुकारनार?"

"फोनवर आवाज येतो, काका. तुमचं नाव घेऊन येतो."

"ते मलाच ऐकू येनार की! मला माजं नाव ठावं हाय. सोयऱ्यास्नी ऐकू जायला पायजे."

मी खोक्यावर पोट धरून हसले. नवरा हसला नाही, रागावलाही नाही. काकांशेजारी बसून, कुणाचं नाव आधी पुकारतात, कुणाचं राहून गेलं तर काय होतं, असं बराच वेळ विचारत राहिला. इतक्या लक्षपूर्वक ऐकताना मी त्याला कोर्सच्या व्हिडिओपुढेही पाहिलं नव्हतं.

परतताना टेम्पोत तो म्हणाला, "ॲप बंद करतो." हे वाक्य ऐकायला मी अख्खा उन्हाळा थांबले होते. त्याचा आनंद मला मोहोळपर्यंतही पुरला नाही, कारण मोहोळच्या अलीकडेच तो म्हणाला, "आत्यांकडे कामाला लागतो. हे मला जमेल, असं वाटतंय." इंजिनिअर वाट्या वाटणार, टॉवेलांचा जावई होणार, असं मी बरंच काही बोलून घेतलं. तो सगळ्यावर हसला, आणि ते मला जास्त लागलं. इतका मोकळा तो बऱ्याच दिवसांत हसला नव्हता.

घरी आल्यावर त्याने सरळ विचारलं, "तू इथे राहशील? हो की नको, खरं सांग."

"नको," मी म्हणाले. खरंच नको होतं. मला माझा वर्ग हवा होता, माझी जागा हवी होती, आणि तोही हवा होता, पण हे तिसरं त्याने विचारलंच नव्हतं. त्याने मान हलवली. शाळा कुठल्या तारखेला उघडते विचारलं आणि माळ्यावरची माझी बॅग काढायला स्टूल घेऊन आला. मी दारात उभी राहून वाट बघत होते. एकदा, फक्त एकदा त्याने परत विचारलं असतं, तर मी काय म्हणाले असते, मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, हे तो त्याच दिवशी शिकून आला होता, आणि शिकायला मीच पाठवलं होतं.