पाहणाऱ्यानं बोलायचं

आमच्या अमरावतीच्या तालमीला कुणी मालक नव्हता. माती आम्हीच आणायचो, तेल-ताक आम्हीच घालायचो आणि आमच्यातलेच पाच जण पंच म्हणून बसवायचो. नियम थोडे होते. त्यातला एक मला तेव्हाही आवडत नव्हता आणि आता म्हातारपणीही आवडत नाही. कुस्तीत कुणी लबाडी केली, तर ज्याच्यावर ती झाली त्यानं तक्रार करायची नाही, पाहणाऱ्यानं करायची. हरलेला गडी काय, काहीही बोलेल, असं पंचांचं म्हणणं. पाहणाऱ्यालाही जीव असतो, हे त्यांनी काही धरलं नव्हतं.

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती आणि तिच्यापायी इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या हंगामात माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा अकोल्याहून कापसाच्या गाड्यांचा मुकादम होऊन आला आणि आमच्या तालमीत उतरू लागला. बहीण तिकडे अकोल्यात, सासरी. त्याच्यासमोर मी मान वर करत नसे. तो चिडला तरी इथं काही बोलत नसे. राग जपून अकोल्याला घेऊन जाई. तिथं तो कुणावर निघतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

एका सकाळी त्याची जोड एका पिंजाऱ्याशी लागली. पिंजारी अंगानं सडपातळ, पण पकडीचा पक्का. बिचाऱ्याचे दिवस आधीच वाईट होते, कारण कापूस सगळा मुंबईकडे निघालेला, गावात पिंजायला उरतच नव्हता. बाकीचे गडी दुसऱ्या जोडीकडे बघत होते. मी कडेला बसून मातीत ताक कालवत होतो, म्हणून मला दिसलं. मेहुण्यानं पिंजाऱ्याचं एक बोट मुठीत धरलं आणि उलटं पिरगाळलं. कडकन आवाज आला. पिंजाऱ्याची नजर वर आली ती थेट माझ्या डोळ्यांत. मग तो चीत झाला.

"बोट मोडलं यानं माह्यं," तो विव्हळला.

"तू नोको बोलू," थोरले पंच म्हणाले. "कोनं पाह्यलं, ते सांग."

मेहुणा अंगावरची माती झटकत माझ्याकडे बघत होता, अगदी शांतपणे. मला आखाडा दिसेना. अकोल्याचं ते घर दिसत होतं आणि चुलीपाशी बसलेली बहीण. पिंजाऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं की संपलंच, असं मनात धरून मी तसाच ताकात हात घालून बसलो होतो.

पिंजाऱ्यानं एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझी बहीण कुठे दिली आहे हे त्यालाही माहीत होतं.

"कोनंच नाही जी," तो म्हणाला.

खोटी तक्रार केली म्हणून त्याला तालमीतून काढलं. मोडक्या बोटाचा हात काखेत धरून तो निघून गेला. कापूस पिंजायच्या कमानीची तात ठोकायचा हात तोच. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. हायसं वाटलं. लाज पुष्कळ नंतर आली.

पंधरा दिवसांनी बहिणीला माहेरपणाला आणायला मी गाडी घेऊन अकोल्याला गेलो. मेहुणा अजून अमरावतीतच होता. तिचे सासरे ओसरीवर बसलेले, ती मागच्या अंगणात अंबाडीची भाजी निवडत होती. मी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. सांगताना थोडी ऐटच होती माझी, की बघ, तुझ्यापायी मी काय गिळून बसलो.

"माह्या नावानं गप्प राह्यला काहून?" ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "मले इचारलं होतं?"

"त्यानं तुले मारलं असतं."

"ते आताबी मारतेत, दादा. तू बोलला असता, त मले समजलं असतं, माह्या मांगं कोनी हाय म्हनून."

आता तिला माहेरी चल म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं, मी उठलो. ओसरीवर सासऱ्यांनी विचारलं, "कशापायी आले होते, पाव्हने?"

"असाच आलो होतो जी," मी म्हणालो आणि रिकामी गाडी जुंपली.