जरा मागे हो

मॅडमनी बिबड्याचा तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"अहो, काय खमंग आहे! कुठून आणलेत?"

"घरचे आहेत मॅडम. आमच्या घरी केलेत."

त्यांचं चावणं थांबलं. डबा प्राचार्यांच्या घरून आलाय, मी फक्त आणून ठेवलाय, असं त्यांना वाटलं होतं. त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या, चूळ भरली. परत येऊन म्हणाल्या, "मला आंबट सोसत नाही हो."

स्टाफरूममध्ये सात-आठ जण होते. कुणी मान वर केली नाही. आणि मी काय केलं? मी हसलो. "हो मॅडम, ज्वारी आंबवलेली असते ना," असं म्हणालो. सबबीला पुरावा मीच दिला. मग टेबलावरचा चुरा हाताने गोळा केला आणि डबा उचलला.

जळगावच्या या कॉलेजात मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर आहे. माझं आडनाव इथे सगळ्यांना पाठ आहे.

घरी शोभाने विचारलं, "आवडनात का त्यास्ले?"

"संपले," मी म्हणालो.

शोभा माझी बायको. माहेर पारोळ्याचं. लग्नाआधी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, तिथे उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून पापडासारखा उन्हात वाळवायचा. हे सगळं ती त्या हाताने करते. चटका बसला की पाण्यात बुडवते आणि पुढचा थापते.

हे बिबडे ऑनलाइन विकायचे, असं मी त्या दिवशी ठरवलं. मुलगी नर्सिंगला होती, पगार पुरत नव्हता, हे खरं. पण खरं कारण दुसरं होतं. मोबाइलवर विकणाऱ्याचं तोंड दिसत नाही. आडनाव दिसत नाही.

व्हिडिओ बघून बघून शिकलो. परवाना काढला. पांढऱ्या कार्डशीटवर बिबडे ठेवून फोटो काढले. पहिली पाच पार्सलं चुरा होऊन पोचली. मग मला माझंच काम आठवलं. काचेचे बीकर बावीस वर्षं खोक्यांतून काढतोय, खोक्यांत भरतोय. काच भरतात तसे बिबडे भरले. दोहोंमध्ये कागद, चहूबाजूंनी पुठ्ठा, आत हलायला जागा नाही. त्यानंतर तक्रार आली नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. या सगळ्यात अभिमान वाटावा असं तेवढंच.

पाकिटावर नाव घातलं नाही. 'पारंपरिक घरगुती' एवढंच छापलं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, 'सोवळ्यात करता ना?' मी लिहिलं, 'हो.' लिहिताना हात अडखळला नाही.

मग लोक करतानाचा व्हिडिओ मागू लागले. मेहरूणला आम्ही भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू. गोऱ्या हातांत हिरव्या बांगड्या. मी त्यांना विनवलं.

"हात दाखवायला काय जातं?" काकू म्हणाल्या. "पण तुमच्याकडचा घाटा नको हं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या पिठाचा करू."

मी त्यालाही हो म्हणालो.

काकूंना थापता येईना. शोभा उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होती, "काकू, पानीना हात ल्या. दाबू नका." उजेड तिच्या मागून येत होता. तिची सावली फडक्यावर पडली. मोबाइल धरून मी म्हणालो, "जरा मागे हो. सावली येतेय."

ती मागे झाली.

माझ्या आजाला गावात हेच सांगायचे. सावली पडते, मागे हो. लहानपणी मी त्याच्याच तोंडून ते ऐकलं होतं, रागाने रडलो होतो. आजाला सांगणारे निदान परके होते.

व्हिडिओ चालला. ऑर्डरी वाढल्या. शोभा उजवा हात पदराखाली धरून बोलायला लागली. मला ते दिसत होतं. मी पार्सलं भरत होतो.

एके दिवशी पुण्याहून एका बाईंचा निरोप आला. 'मी मूळची धुळ्याची. हयातभर बिबडे थापलेत. व्हिडिओतल्या बाईंनी कधी बिबडा थापलेला नाही. त्यांना सगळी बोटं आहेत. तुमच्या प्रत्येक बिबड्यावर एका बोटाची जागा रिकामी असते. करणारीला का लपवता?'

मी डब्यातला बिबडा काढून उजेडात धरला. बोटं उमटली होती. एक, मग सपाट जागा, मग दोन. दुसरा काढला. तेच. तिसरा. तेच. इतक्या घरांत मी ते पाठवले होते आणि समजत होतो, काही दिसत नाही.

निरोप शोभाला वाचून दाखवला. तिने हात पदराबाहेर काढला, माझ्यासमोर धरला.

"मना हातले काय व्हयेल शे हो?"

"काही नाही."

"मंग तिना हात कसाले दखाडा?"

मुलीची फी, गिऱ्हाइकं, धंदा. उत्तरं होती. चुकलो, एवढं म्हणालो. "जाऊ द्या" असं ती म्हणाली नाही. अजून म्हणालेली नाही.

तो व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीखाली शोभा थापायला बसली. पूर्वी फोटो काढताना ती तसबीर मी चौकटीबाहेर ठेवायचो. शोभाने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि हात पुढे केला. फडक्यावर सावली पडली. माझी होती. मी मागे झालो.

काकू खाली येऊन म्हणाल्या, "त्यात आमचं नाव नाही ना घेतलं?"

ऑर्डरी निम्म्या झाल्या. सोवळ्याचं विचारणाऱ्याने लिहिलं, 'आधी तर हो म्हणाला होतात.' मी उत्तर दिलं, 'खोटं बोललो होतो. सोवळं नाही. करणारीचं नाव पाकिटावर आहे.' त्याने ऑर्डर रद्द केली.

सोमवारी स्टाफरूमच्या टेबलावर डबा ठेवला. झाकणावर शोभाचं पूर्ण नाव. मॅडमनी वाचलं आणि डबा दोन बोटांनी बाजूला सरकवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसलो नाही. डबा उचलला नाही.

तो तिथेच आहे. आतले मऊ पडले की नवे आणतो. कुणी खावो, न खावो. मी या कॉलेजात आहे तोवर तो डबा त्या टेबलावरून हलणार नाही.