लॉनमध्ये भाजलेला राब

वैशाखात लॉन सांभाळणं म्हणजे नुसता वैताग. मुरबाड रस्त्यावरच्या एका बंगल्यावर मी माळी आहे. ऊन चढायच्या आत पाणी द्यायचं, गवत जरा उंचच कापायचं आणि मग उकिडवं बसून लव्हाळा उपटत राहायचं. त्या वर्षी लव्हाळा काही हटेना. रविवारी मालकांच्या मुलीचा साखरपुडा याच हिरवळीवर होता आणि मी रोज घरी येऊन त्या लव्हाळ्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

बाबा ते ऐकत होते. गुरुवारी मी गवत कापायच्या मशीनच्या पात्याला धार लावायला शहापूरला गेलो आणि मागे ते बंगल्यावर आले. जन्मभर भात लावलेला माणूस. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, म्हणजे तण जळून जातं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. परत येऊन बघतो तर लॉनच्या मधोमध खाटेएवढा काळा चौकोन!

"बग, गेला तुजा लव्हाला," ते खुशीत म्हणाले. "भाजल्याबिगर जमीन सुधारत नाय रे."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तोंडाला येईल ते बोललो. तेवढ्यात तयारी बघायला मालकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना तो डाग दिसलाच. कोणी केलं म्हणून विचारलं.

"गावातला एक म्हातारा घुसला होता, साहेब. जरा वेडसर आहे."

नोकरीची भीती होतीच, पण बाबांची लाजही वाटली, हे कबूल करायला हवं. वळून पाहिलं तर ते नळावर हात धूत होते. मग चपला घालून निघून गेले. घरी आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

रविवारी मी त्या डागावर कुंड्या मांडून ठेवल्या, तरी मालकांचा पारा चढलाच. म्हाताऱ्याची गोष्ट खोटी, हे तुझंच काम, उद्यापासून दुसरा माळी बघतो, म्हणाले. तोच बाबा फाटकातून आत आले. अंगात धुतलेला सदरा, हात जोडलेले.

"सायेब, जाललं ते मी. गावातला म्हातारा. या माल्याला मी वलखत पन नाय. त्याची काय चूक नाय."

मालक निवळले. "हा माणूस पुन्हा आत दिसता कामा नये," मला म्हणाले.

मी "हो साहेब" म्हणालो, बाबांना बाहेर सोडलं आणि आतून फाटकाला कडी घातली.