मावशींच्या घंगाळाचं गॅस्केट

युद्धाच्या दिवसांत वडगावातल्या माझ्या भातगिरणीच्या इंजिनाचं गॅस्केट, म्हणजे हेडखालची तांब्याची चकती, जळालं. पुण्यात कुठं मिळेना. मी वैतागून ओरडलो, "आणा मग घरातली तांब्याची भांडी!" तासाभरात बायकांनी दार भरलं. सगळ्यांचंच भात गिरणीत अडकलेलं!

पत्रा जाड झाला तर इंजिन पेटत नाही, पातळ झाला तर पिस्टन हेडला थडकतो. जुन्या चकतीचा तुकडा चिमटीत धरून मी भांडी चाचपत सुटलो. जिचं नाकारलं ती रुसून बसे. अखेर गिरणीमागं राहणाऱ्या मावशींच्या आंघोळीच्या घंगाळाचा तळ तंतोतंत जुळला आणि त्या इतरांकडं बघून ऐटीत हसल्या. तळ कापला, लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ केला, बसवला. हँडल मारताच इंजिन धडधडलं आणि आम्ही सगळे अक्षरशः नाचलो.

दुसऱ्या सकाळी मावशी दोन बादल्या घेऊन हजर. इंजिन थंड ठेवून टाकीत पडणाऱ्या वाफाळत्या पाण्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "घंगाळ हितं, तवा आंगुळीचं पानी बी हितलंच."

मी गिरणी विकेपर्यंत त्यांनी आंघोळीसाठी चूल पेटवली नाही.