मागच्या चाकांचे ब्रेक

आमच्या थोरल्या साडूंच्या हाती लागलेली कुठलीही चालती वस्तू कायमची थांबते. पंखा, मिक्सर, देवघराजवळचं घड्याळ, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, सगळ्यांनी हा अनुभव घेतलाय. आणि नशिबाची थट्टा बघा, थांबवण्याचं म्हणून जे एकच काम त्यांनी आयुष्यात अंगावर घेतलं, ते जमायला त्यांना सहा वर्षं लागली. शिवाजी पेठेत त्यांच्या दारासमोर वडलांच्या वेळची निळी, गोल दिव्यांची मोटार आहे. तिच्या मागच्या ॲक्सलला त्यांना डिस्क ब्रेक बसवायचे होते. ह्या एका वाक्यात माझे सहा वर्षांचे रविवार गेले.

आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर चंदगडचं. सहा वर्षांपूर्वी साडू ह्याच मोटारीतून सासूबाईंना अंबाबाईच्या दर्शनाला आणत होते. मागच्या सीटवर सासूबाई आणि साडूंची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. घाटात ब्रेक गेला. गाडी काजूच्या बागेच्या बांधावर चढून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण अक्कानं आईचा हात धरला, पिशवी उचलली आणि चंदगडकडे निघालेल्या एसटीला हात केला. दर्शन राहिलं ते राहिलंच. साडूंनी तिथंच बांधावर उभं राहून शब्द दिला की आई, तुम्हाला अंबाबाईला नेईन तर ह्याच गाडीतून, आणि ब्रेक असे बसवीन की तुमच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हलणार नाही.

तिथून आमचे हाल सुरू झाले. उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं पहिल्याच दिवशी शहाणपणाचं सांगितलं होतं, "दादा, ब्रेक मारला की सगळा भार पुढं येतोय. आदी पुढच्या चाकांस्नी बसवा की." साडूंनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. म्हणाले, "पुढं मी बसतो. माझं काय व्हायचं ते हू दे. माझी सासू मागं बसत्या." त्या बिचाऱ्यानं माप घेतलं. मग डिस्क बसली तर चाक बसेना, चाक बसलं तर ते मडगार्डला घासायला लागलं, मडगार्ड ठोकून बाहेर काढलं तर दार उघडेना. भंगार बाजारातून आणलेले ब्रेक डावे-उजवे दोन वेगळ्या गाड्यांचे निघाले. नळीतली हवा काढायला दर रविवारी मी आत बसून पेडल दाबायचं आणि साडूंनी गाडीखालून "दाबा", "सोडा" म्हणायचं. पेठेतला संघ फुटबॉलची मॅच जिंकला की मिरवणूक चाकं काढून विटांवर ठेवलेल्या गाडीला वळसा घालून जायची. एका वर्षी पोरांनी गाडीलाच गुलाल फासला, तर साडू म्हणाले, शुभशकुन झाला.

दुसऱ्या वर्षी माझं डोकं फिरलं. भाड्याची गाडी केली आणि सरळ चंदगड गाठलं. म्हटलं, म्हातारीला दर्शन घडवू, एकदाचं प्रकरण मिटवू. सासूबाईंनी मला पोटभर जेवायला घातलं, काजू बांधून दिले आणि रिकाम्या गाडीनं परत पाठवलं. म्हणाल्या, "थोरल्या जावयानं शबूद दिलाय. मी दुसऱ्या गाडीतनं आले तर त्यास्नी काय वाटंल?" मी कपाळावर हात मारून घेतला. इकडं हा माणूस हट्टाला पेटलेला, तिकडं ती माउली त्याचा मान राखत बसलेली. आणि माझी बुद्धी बघा, हे मी साडूंना येऊन सांगितलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि कसाबसा जुळलेला ॲक्सल पुन्हा उतरवला. एवढा भरवसा ठेवणाऱ्या बाईला असलंतसलं काम चालायचं नाही म्हणे.

अक्का अधूनमधून माझ्यापाशी रडकुंडीला यायची. "पावणं, आई दर फोनला विचारत्या, गाडी झाली व्हय. काय सांगू मी?" म्हटलं, पुढच्या महिन्यात होईल म्हणून सांग. चार वर्षं आम्ही तेच सांगितलं.

गेल्या श्रावणात सासूबाई गेल्या. गाडी विटांवरच होती. आम्ही सगळे भाड्याच्या गाडीनं गेलो. साडू काही केल्या तीत बसले नाहीत, मागून एकटे एसटीनं आले. दिवस होईपर्यंत ते तिथंच राहिले. परत आल्यावर मात्र तीन रविवारांत काम संपलं. सहा वर्षं न जमलेलं तेव्हा कसं जमलं, देव जाणे. मी पेडल दाबलं, ते घट्ट लागलं. खालून "सोडा" आलंच नाही. मी तसाच पाय दाबून बसून राहिलो.

दिवाळीच्या आधी अक्का त्या गाडीत बसली. मागं, आपल्याच बाजूला, आईची जागा मोकळी ठेवून. मला पुढं घेतलं, कारण जुन्या ड्रम ब्रेकबरोबर हँडब्रेकही भंगारात गेल्याचं कामाच्या शेवटच्या दिवशी साडूंच्या लक्षात आलं होतं, आणि उतारावर चाकाखाली दगड लावायला माणूस लागत होता. अंबाबाईच्या देवळाकडं निघालो. प्रत्येक गतिरोधकाला साडू गाडी इतकी अलगद थांबवत की मागचे रिक्षावाले आमचा उद्धार करत होते. शेवटी अक्का म्हणाली, "आवो, जरा भरभर चालवा की. आई न्हाय आता मागं."

पुढच्या गतिरोधकालाही साडूंनी गाडी तशीच अलगद थांबवली.

देवळाजवळ उतार होता. मी उतरून दगड लावला. साडू उतरले, वळसा घालून गेले आणि अक्काचं नव्हे, सासूबाईंच्या बाजूचं दार उघडून, हात द्यायला वाकले. मग तसेच उभे राहिले. सहा वर्षांच्या शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. पण मी म्हणालो, "दाजी, ब्रेक झकास झालेत."

"व्हय," ते म्हणाले, आणि त्यांनी दार हळूच लावलं.